आधी उंदीर, मग साप

शिळफाट्याला घर बांधलंस, मागं बाग केलीस, सूनबाईनं अळूपासून पडवळापर्यंत सगळं हौसेनं लावलं. छान केलंत. आणि पावसाला सुरुवात होते न होते तोच तुझा फोन, "आत्या, परसात साप निघालाय, काय करू?" बाळा, खाली पाताळगंगा, वर बोरघाटाचा डोंगर, मध्ये भाताची खाचरं. खोपोली-खालापूरच्या या पट्ट्यात साप निघायचाच. त्याचं काय करायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवायला हवं.

तुझ्या आजोबांनी जन्मभर भात लावला. त्यांच्याकडून काही ऐकलं. पुढं सरकारी दवाखान्यात नर्सबाई म्हणून नोकरी केली, तिथं साप चावलेली माणसं पाहिली. आजोबांचं काही तिथं खरं ठरलं, काही सोडून द्यावं लागलं. चाळून जे उरलं, ते तुला सांगते.

सापाला बोलावतंय कोण, ते बघ

साप तुझ्यासाठी येत नाही. तो उंदीर, घुशी, बेडूक, पाली यांच्यासाठी येतो. म्हणून साप दिसला की आधी बागेतली बिळं बघ. तोंडाशी ताजी माती असेल तर आत घूस नाहीतर उंदीर नांदतोय. कुत्र्याचं ताट रात्रभर बाहेर, खरकटं कुंपणाशी टाकलेलं, कोंबड्यांच्या खुराड्याखाली सांडलेली कणी, ही सगळी उंदरांची सोय. धान्य पत्र्याच्या पिंपात ठेव, ताट रात्री उचल, खरकटं झाकणाच्या डब्यात टाक.

हल्ली फार्महाऊसवाले हौसेनं कमळाचं टाकं करतात. टाकं आलं की बेडूक आले, बेडकांमागं दिवड आली आणि कधीमधी नागही. टाकं नकोच असं म्हणत नाही, पण ते घराच्या पायरीला लागून नको. अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवू नकोस. दिव्यावर किडे, किड्यांवर पाली, पालींवर कवड्या. कवड्या भिंतीवर सरसर चढतो आणि खिडकीतून घरात येतो. बिनविषारी आहे बिचारा, पण रात्री दोन वाजता हे कोण तपासत बसणार?

अडगळ भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर

घर बांधून उरलेल्या फरशा, विटा, कौलं, पाइपाचे तुकडे, सगळं मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंयस, मी पाहिलंय. एक तर विकून टाक, नाहीतर लोखंडी घडवंचीवर रच, खाली हातभर मोकळी जागा ठेव. लाकडांचंही तेच. आणि लाकूड काढताना वरून काढ. मधल्या फटीत हात घालून ओढायचं नाही. तिथं साप नसला तर विंचू असतो. कोकणातल्या लाल विंचवानं पूर्वी कितीतरी मुलं दगावली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मरण रोखून दाखवलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला ते कळलं. औषध सापडलं म्हणून फटीत हात घालायची मुभा मिळाली असं नाही.

कंपोस्टचा खड्डा वेगळा सांगते. तिथं ऊब असते, ओल असते. धामण आणि नाग अशा जागी अंडी घालतात, आणि जून-जुलैच्या सुमारास पिल्लं बाहेर पडतात. नागाचं वीतभर पिल्लूही जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. खत उपसायचं तर लांब दांड्याच्या पंजानं, पायात गमबूट घालून, भरदिवसा.

वेलाची जाळी जमिनीला टेकू देऊ नकोस

हा मंत्र आजोबांच्या वेळी नव्हता, कारण नायलॉनची जाळी नव्हती. त्यांचा मांडव बांबूचा आणि सुतळीचा. आता दोडक्या-पडवळाला सगळे ती हिरवी जाळी लावतात आणि खालचं टोक जमिनीवर लोळत ठेवतात. उंदरामागं निघालेली धामण तिच्यात शिरते. डोकं निघतं, मानेचा भाग निघतो, पोट अडकतं. खवले मागच्या बाजूला वळलेले, त्यामुळं पुढं रेटता येतं, मागं सरकता येत नाही. जितकी धडपडते तितका दोरा खवल्यांखाली रुततो, आणि वर ऊन चढलं की तिथंच मरते. नाग अडकला तर तुझ्या माळ्याच्या जिवाला धोका. जाळी जमिनीपासून फूटभर वर बांध किंवा सरळ काथ्या वापर. अडकलेला साप दिसला तर स्वतः कात्री घेऊन बसू नकोस. वरून ओलं गोणपाट टाकून सावली कर, तेही लांब काठीनं, आणि सर्पमित्राला बोलाव.

घराची भोकं बुजव

मोरीच्या, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला पाव इंची जाळी बसव. दाराखाली बोट शिरण्याएवढी फट असेल तर रबरी पट्टी लाव. छपराला टेकलेली आंब्याची फांदी छाट. धामण, रुका, हरणटोळ झाडावरून छपरावर सहज येतात, आणि कौलांत उंदीर असतील तर मुक्कामही करतात. भिंतीला लागून मोगरा, कर्दळ, गवती चहा लावायची फार हौस असते सगळ्यांना. भिंत आणि पहिलं रोप यात दोन-तीन हात उघडी जमीन ठेव, तिथं खडी पसर. साप येणार नाही असं नाही, पण आला तर दिसेल तरी.

आधी काठी, मग हात

सापाला बाहेरचे कान नाहीत, पण जमिनीची थरथर त्याला पोटाखालून कळते. म्हणून आजोबा बांधावरून चालताना काठी आपटत जायचे. हे त्यांचं शंभर टक्के खरं. अळूच्या पानांखाली, हळदीच्या गड्ड्यांत, गवती चहाच्या ठोंबात हात घालण्याआधी काठीनं हलव, क्षणभर थांब, मग हात घाल. कुंडी उचलताना आपल्याकडे कलती कर, म्हणजे खालचा प्राणी पलीकडून निघून जाईल. खाली गांडुळासारखा काळसर, चकचकीत, वळवळणारा जीव दिसला तर तो वाळा. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो, त्याला राहू दे.

गमबूट दाराबाहेर ठेवत असशील तर घालण्यापूर्वी उलटा करून झाड. तिन्हीसांजेनंतर बागेत जाताना बॅटरी हवी, मोबाइलचा मिणमिणता उजेड नको. आणि चपला घाल. चाव्यांची मोठी संख्या पायावर असते, त्यातही घोट्याच्या आसपास. दवाखान्यात आवणीच्या दिवसांत हेच बघायचो.

पाखरांचं ऐक

बुलबुल, साळुंक्या, सातभाई एकाच झुडपाभोवती जमून कलकलाट करत असतील, खार शेपूट हलवत एकसुरी ओरडत असेल, तर तिथं साप, मांजर किंवा ससाणा आहे असं धरून चाल. मुलांना त्या बाजूला पाठवू नकोस. कुत्रा एका जागी भुंकत मागंपुढं करत असेल तर त्याला लांबून हाक मार, ओढायला जाऊ नकोस. आणि परसात मुंगूस, भारद्वाज, घुबड फिरकत असतील तर त्यांना हुसकू नकोस. उंदीर-साप या दोघांचं गणित ते तुझ्यापेक्षा बरं सांभाळतात.

दिसला की जागेवर थांब, मग मागं सर

आधी पाय थांबव. मग सावकाश, त्याच्यावर नजर ठेवून, मागं ये. दहा फूट अंतर पडलं की तो तुला काही करू शकत नाही. बागेत दिसला असेल आणि वाट मोकळी असेल तर बहुतेक वेळा आपणहून जातो. जाऊ दे. घरात शिरला असेल तर मुलं-कुत्री बाहेर काढ, त्या खोलीचं दार लाव, खालच्या फटीत ओलं फडकं कोंब, आणि फोन कर. सर्पमित्र येईपर्यंत एकानं लांबून नजर ठेवायची. नजर चुकली की सगळं घर उपसावं लागतं.

वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६. खोपोली-कर्जत भागात सर्पमित्रही आहेत. वन विभागाला माहीत असलेल्या एक-दोघांचे नंबर आत्ताच घेऊन ठेव, साप निघाल्यावर शोधू नकोस. जो आल्या आल्या साप गळ्यात घालून फोटो काढायला लागेल, त्याला पुन्हा बोलावू नकोस. चांगला माणूस आकडी आणि पिशवी घेऊन येतो, कमी बोलतो आणि काम करून जातो.

मारायचा विचार तर सोडूनच दे. एक तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. दुसरं, मारायला गेलेल्या माणसालाच साप चावतो, हे मी दवाखान्यात पाहिलंय. तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं.

ओळखायला शीक, पण ओळखीवर विसंबू नकोस

आपल्याकडं माणूस मारणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. प्रत्येकाचा एखादा दिसायला जवळचा भाऊबंद आहे, आणि घोळ तिथं होतो.

धामण आणि नाग. धामण लांब, चपळ, ओठांवर काळ्या रेघा. तिला फणा नाही. पण नागही शांत असताना फणा काढत नाही. फणा दिसला नाही म्हणून नाग नव्हे, असं कधी म्हणू नकोस.

मण्यार आणि कवड्या. मण्यार काळीनिळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीनं. पट्टे मानेपासून जरा मागं सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होतात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीच्या पिल्लांत मात्र पट्टे मानेपर्यंतही असतात.

घोणस आणि डुरक्या घोणस. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी, डोकं त्रिकोणी, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार. डुरक्याची शेपटी आखूड, ठिपके वेडेवाकडे. लोक अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलतात, आणि तिथं जीव जातो.

फुरसं लहान, दगडांखाली, डोंगरउताराच्या माळावर. वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, खरखर आवाज येतो. लहान म्हणून हसण्यावारी नेऊ नकोस. कुंपणाच्या झुडपात हिरवा साप दिसला तर निमुळत्या नाकाचा, दोरीएवढा बारीक तो हरणटोळ. त्रिकोणी डोक्याचा, जाडसर तो चापडा. हरणटोळ डोळे फोडतो म्हणतात, ते खोटं. चापड्याचा चावा फार सुजतो, तो विषारीच.

हे सगळं पाठ झालं तरी नियम एकच: साप बिनविषारी आहे असं पक्कं वाटलं तरी त्याला हात लावायचा नाही.

हे करू नकोस

घराभोवती फिनेल, रॉकेल, गंधक, डांबराच्या गोळ्या, लसूण यांची रेघ ओढून साप थांबत नाही. विहिरीचं पाणी मात्र बिघडतं, आणि पोरं गोळ्या तोंडात घालतात. सर्पगंधेचं झाड लावलं म्हणून साप येत नाही असंही नाही. नागाला दूध पाजू नकोस. तो दूध पीत नाही, तहानलेला नाग पाणी समजून तोंड लावतो आणि आजारी पडतो. साप डूख धरत नाही, त्याला तुझा चेहरा आठवत नाही. धामण गाईचे पाय बांधून दूध पिते, हे आजोबाही सांगायचे. हा त्यांचा सोडून द्यायचा भाग.

नागपंचमीला खणू नये, कापू नये, ही चाल मात्र मी पाळते. श्रावणात बिळांत पाणी भरून साप वर आलेले असतात, तेव्हा एक दिवस कुदळ बाजूला राहिली तर वाईट काय?

चावला, तर वेळ वाचव

आता नीट ऐक, कारण इथं चूक परवडत नाही. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं बारा लाखांच्या आसपास माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या महिन्यांत. यातली कितीतरी दवाखान्याची पायरी चढलीच नाहीत.

चावला की माणसाला बसव किंवा झोपव. चालायला, पळायला लावू नकोस. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढ, सूज आली की निघत नाहीत. हात किंवा पाय फळी लावून, कापडानं सैल बांधून स्थिर ठेव. घट्ट आवळपट्टी नको, ब्लेड नको, तोंडानं चोखणं नको, बर्फ नको, हळद नको, दारू नको. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नकोस, रक्तस्राव वाढतो. कोणी आधीच घट्ट दोरी बांधली असेल तर ती डॉक्टरसमोरच सोडायची. किती वाजता चावला ते लिहून ठेव. १०८ ला फोन कर. गाडी यायला वेळ लागणार असेल तर आपली गाडी काढ. मांत्रिक, गुणी, पानाचा रस, यात एक मिनिटही घालवायचं नाही. मांत्रिकानं उतरवलं म्हणतात तो बहुतेक बिनविषारी साप असतो, नाहीतर विष न सोडता चावलेला.

साप पकडून किंवा मारून आणू नकोस. डॉक्टरला साप नको, माणूस लवकर हवा. आम्ही काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलि रक्त घ्यायचो आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचो. मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलं नाही, की घोणस किंवा फुरसं. पापण्या उतरायला लागल्या की नाग किंवा मण्यार. लस चौघांना मिळून एकच आहे. घोड्याच्या रक्तापासून करतात. ती करणाऱ्यांत परळच्या हाफकिन संस्थेचं नाव तू ऐकलंच असशील. सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळते. लहान मुलालाही मोठ्याएवढाच डोस देतात, कारण सापानं विष वय बघून सोडलेलं नसतं. चापड्यावर ही लस चालत नाही, तरी त्याच्या चाव्यालाही दवाखाना गाठायचाच.

मण्यारीचा चावा झोपेत

एक बाई पहाटे दवाखान्यात आली, पोटात दुखतं म्हणून. घरच्यांना वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही. पण ती डोळे उघडायला बघत होती तेव्हा कपाळाला आठ्या पडत होत्या, पापण्या तरी वर येत नव्हत्या. रात्री कुठं झोपली होतीस विचारलं, तर भुईवर. डॉक्टरांनी ओळखलं, लस सुरू केली, आणि हातानं पिशवी दाबून श्वास देत तिला मोठ्या रुग्णालयात पोचवलं. तिथं मशिनवर राहिली आणि चालत घरी आली.

मण्यार रात्री फिरते, दात बारीक, चावा दुखत नाही. म्हणून पावसाळ्यात कोणीही जमिनीवर झोपायचं नाही. तुझा माळी, वॉचमन, त्यांची मुलंसुद्धा. त्यांना खाट दे, मच्छरदाणी दे आणि ती गादीखाली नीट खोचायला सांग. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासातही मच्छरदाणीचा असाच उपयोग दिसला. पहाटे अचानक पोटदुखी, घसा दुखणं, पापण्या जड, बोबडी वळणं, यातलं काहीही असलं तर आधी साप आठव.

वर्षाचा हिशेब

वैशाखात अडगळ काढ, फांद्या छाट, मोरीच्या जाळ्या तपास. ज्येष्ठात गवत कापून घे आणि मच्छरदाण्या बाहेर काढ. आषाढ-श्रावणात काठी, बॅटरी, गमबूट दाराशी. दिवाळीच्या आसपास भात कापला की खाचरातले उंदीर घराकडं सरकतात, आणि त्यांच्यामागं साप. तेव्हा बिळं आणि धान्याची पिंपं बघ. पौष-माघात घोणशीची जोडी जमवायची वेळ. मग त्या दिवसाही उन्हाला, पाचोळ्यात पडलेल्या सापडतात, आणि पाचोळ्याच्या रंगात दिसत नाहीत. तेव्हा पाचोळा हातानं गोळा करायचा नाही, पंजानं ओढायचा.

आणि एक काम आजच कर. कर्जत आणि पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयांत, शिवाय जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून विचार: सापाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतो का, श्वासाचं मशिन आहे का? तिन्हींचं उत्तर जिथं हो, ते नाव, तिथला नंबर, १०८ आणि १९२६ हे मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटव. माळ्यालाही वाचता येईल अशा उंचीवर.